नंबर

मुहर्रकच्या बाजारात, सोनार आणि मासळी यांच्या मधल्या गल्लीत
चष्म्याचं दुकान. दुकान कफीलचं,
भिंगं घासणारा हात माझा, दाभोळचा.

दोन-तीन महिन्यांनी एक माणूस यायचा.
गणवेश नाही, पायात मात्र सरकारी बूट.
काउंटरवर चिठ्ठी ठेवायचा.
उजवा वजा साडेतीन, डावा वजा चार.
नाव?
नाव कशाला, नंबर दिलाय ना.

खरंच, भिंगाला नाव लागत नाही.
पण फ्रेमला नाक लागतं,
कान कुठे, डोळ्यांत अंतर किती, ते लागतं.
त्यानं स्वतःच्या तोंडावर बोटं धरून दाखवलं:
असं. माणसासारखं.
मी चौसष्ट मिलिमीटर धरून चाललो.

काच नको. धातू नको. काड्यांची टोकं बोथट.
पैसे रोख, पावतीवर 'किरकोळ'.
त्या पैशातून गावच्या घराला चिऱ्याची एक रांग चढली असेल.
मोजलं नाही असं मी सांगतो.
तीन रांगा.

वहीत मात्र लिहीत गेलो, सवयीनं.
तारीख, उजवा, डावा,
नावाच्या रकान्यात आडवी रेघ.
एकोणीस वर्षांत सत्तेचाळीस रेघा.

मग सोडले म्हणे.
धरलेच नव्हते तर सोडले कुठून,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पहिला आला मक्की, भावाच्या खांद्यावर हात ठेवून.
काडीला पायजम्याच्या नाडीचा दोरा गुंडाळलेला.
फ्रेम मी ओळखली,
सुताराला आपलं दार कळतं तशी.
तक्त्यासमोर बसवला. सर्वांत मोठं अक्षरही वाचेना.
तक्ता ओढत ओढत जवळ आणला.
अडीच मीटरवर सगळं वाचलं, तळाची बारीक ओळसुद्धा.
एक पाऊल मागे, की धुकं.
"भिंत एवढ्यावरच होती," म्हणाला.
"पलीकडचं बघायचं कामच पडलं नाही."

त्याच आठवड्यात हुजैर आला, तेव्हा मक्की बाकावर बसलेला.
दोघं एकमेकांकडे बघून ओळख नसल्यासारखे.
मक्कीला ठसका लागला.
हुजैरच्या हातातला चहा सांडला.
"पुन्हा खोक," म्हणाला. "तिकडे तोंड करून खोक."
मक्की खोकला.
मग दोघांनी जे केलं ते मी पाहिलं नाही,
मी आत जाऊन यंत्र पुसत राहिलो.

आता गुरुवारी येतात. काळा चहा, खजूर, बोलणं कमी.
कधी हुजैर टेबलावर बोटानं ठोकतो, तीन, मग एक,
आणि मक्की न बघता खजूर पुढे सरकवतो.

शरीफा उशिरा आली. शाळेत शिकवायची, पूर्वी.
जुना चष्मा काढून दिला: "हा घातला की जमीन तिरपी व्हायची.
दोन वर्षं भिंतीला धरून चालले.
त्यांचा डॉक्टर म्हणाला, डोकं ढळलंय तुझं.
मलाही पटलं होतं."

यंत्रावर ठेवला. वही उघडली.
वहीत उजवा दीड, डावा पाच.
भिंगात उजवा पाच, डावा दीड.
रात्र असेल, वीज गेली असेल, घाई असेल.
काही असेल. घासलं मीच होतं.

दार बंद होतं, बूटवाला नव्हता, मला गप्प बसता आलं असतं.
सांगितलं.
ती बराच वेळ चष्म्याकडे बघत होती.
"म्हणजे मी ठीक होते," म्हणाली.
मग वहीतल्या त्या रेघेवर बोट ठेवून,
"ही मी?"
"हो."

नवा चष्मा चार दिवसांत केला, तीनदा तपासला.
घालून ती दारात उभी राहिली,
गल्लीच्या टोकाला सफी विकणाऱ्या पोऱ्यानं किती मासे घातले
ते मोठ्यानं मोजले. नऊ.
पैसे काढले. नको म्हटलं.
"पैसे घे," म्हणाली, "आणि पावती दे. नावानिशी."

अरबी लिहिताना माझा हात अजून अडतो.
मी पावतीचं पुस्तक उघडलं.
तिनं खुर्ची जवळ ओढली
आणि एकेक अक्षर सांगत गेली, सावकाश,
पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं,
चुकलं की थांबून.